जुन्या पिकअपचे ब्रेक पाइप गंजलेत, पार्ट कुठे मिळतील आणि घरी बसवता येतील का?

हातखंबा_फाटा

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. गाडी बोलेरो पिकअप, २००९ चं मॉडेल, डीआय इंजिन, मी तिसरा मालक. आधीच्या मालकाने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासे वाहिलेत म्हणजे बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली चासीवर ठिबकत होतं, हे घेताना माहीत होतं पण स्वस्तात मिळाली म्हणून डोळेझाक केली. त्यामुळे कंपनीला नावं ठेवणार नाही, दोष मिठाचा आणि माझा.

गेल्या मंगळवारी कोल्हापूरला पेट्या टाकून रिकामा परत येत होतो. आंबा घाट उतरताना पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं, दोनदा पंप मारल्यावर वर आलं, पुढच्या वळणाला तेवढंही येईना. पुढचे ब्रेक थोडे थोडे धरत होते म्हणून वाचलो. सेकंडला टाकली आणि हँडब्रेक हातात धरूनच साखरप्यापर्यंत आलो. तिथल्या मेस्त्रीने बॅटरी मारून दाखवलं, मागे जाणारा पाइप जिथे पत्र्याच्या क्लिपने चासीला धरलाय बरोबर त्या क्लिपच्या आत टाचणीएवढं भोक. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. त्याने नखाने खरवडलं तर चकलीचा तुकडा पडावा तसा गंजाचा पापुद्रा हातात आला. मग त्याने पाइप कापून, दुमडून, ठोकून मागची लाइन बंद केली आणि पुढच्या ब्रेकवर हळूहळू घरी आलो.

आता प्रश्न असा की सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो पाइपचा सेट ऑर्डर टाकावा लागेल, कधी येईल सांगू शकत नाही. गावातला दुकानदार एक तयार पाइप दाखवतो आणि म्हणतो "बसेल हो". कसा बसेल विचारलं तर थोडा वाकवून बसेल म्हणे. पासिंग पुढच्या महिन्यात आहे. स्वतः करता येईल का? हाताला काम येतं, शेताचे पंप वगैरे सगळं मीच उघडतो.

उद्यमनगरी

भावा पहिलं म्हणजे जीव वाचला ते बरं झालं. दुसरं म्हणजे ती ठोकून बंद केलेली लाइन घेऊन आता गल्लीतसुद्धा फिरू नकोस. मेस्त्रीने तुला घरी पोचवलं, त्याचे आभार मान, पण तो जुगाड तेवढ्या प्रवासापुरताच. मागचे ब्रेक नाहीत आणि वर चिरे भरले की गाडी थांबणारच नाही.

घरी होतंय, काय अवघड नाही. पण नट काढताना घाई केलीस तर कामाचा राडा होतोय. त्या नटाला साधा उघड्या तोंडाचा पाना लावायचा नाही, दोन कोपऱ्यांवर जोर येऊन नट गोल होतो. फ्लेअर नटचा, म्हणजे पाइपचं फुलवलेलं तोंड दाबून धरणाऱ्या नटाचा, वेगळा पाना मिळतो, रिंग पान्यालाच एक खाच असते बघ, तो घे. आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेव. आणि पाइप टाकूनच द्यायचा असेल तर नटाच्या अगदी जवळ कापून टाक आणि नटावर सरळ सहा कोनी सॉकेट चढव. गोल व्हायचा प्रश्नच नाही.

नाना_स्पेअर

मी बरीच वर्षं स्पेअरच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे म्हणून थोडं आतलं सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "बोलेरोचा ब्रेक पाइप द्या". अहो बोलेरो कुठली? प्रवासी गाडी, कॅम्पर, पिकअप, लांब चासी का आखूड, पॉवर स्टेअरिंग आहे का नाही, पाइपची वाट सगळीकडे वेगळी. आरसी बुकावरचा चासी नंबर घेऊन जा, त्यावरून पार्ट नंबर निघतो, आणि पार्ट नंबर हातात असला की फोनवरसुद्धा चार दुकानं विचारता येतात. आणि जुना पाइप नटासकट घेऊन जा. तुकडे झाले असतील तरी पिशवीत भरून न्या, लाज वाटून घेऊ नका.

कुठे म्हणाल तर पुण्यात नाना पेठ आणि तो सगळा पट्टा, मुंबईत ऑपेरा हाउसकडे नवीन मालाची दुकानं, कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना माल. पण ब्रेकचा पाइप, होज (रबरी नळी) आणि रबर जुन्या बाजारातून घ्यायचं नाही म्हणजे नाही. दरवाजा घ्या, आरसा घ्या, पाट्याचं (स्प्रिंगच्या पट्ट्यांचं) ब्रॅकेट घ्या. ज्या गाडीचा पाइप काढलाय ती पण तुमच्याच गाडीच्या वयाची असते की!

तुमच्यासारख्या केसमध्ये मी तयार सेटच्या मागे लागलो नसतो. पाइपचा रोल घ्या, नट घ्या, वाट तुमच्या गाडीवरून मोजा. मोजायला टेपपेक्षा सुतळी चांगली, जुन्या पाइपच्या बाजूने प्रत्येक वळणाला लावत न्या आणि मग सुतळी सरळ करून मापा, वर वीतभर जास्त धरा.

(अवांतर: जळगावला कल्याणी ब्रेक्सचा कारखाना, तो पुढे बॉशकडे गेला. आमच्याकडे काही म्हातारे मेस्त्री अजून कल्याणीचं किट द्या म्हणतात.)

नवशिका

एक बाळबोध प्रश्न. फ्रिज-एसीवाल्यांकडे तांब्याचा बारीक पाइप मिळतो, तो हाताने वाकतो, गंजत नाही, स्वस्त आहे. तोच का नाही टाकायचा?

हातखंबा_फाटा

मी पण हेच विचारणार होतो. कारण जुना पाइप कापला तर आतून लालसर तांब्यासारखा दिसला. म्हणजे कंपनीचा पण तांब्याचाच होता ना?

जीपवेडा

नाही हो!! त्याला लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. तो स्टीलचा पाइप असतो, पत्र्याच्या पट्टीची दुहेरी गुंडाळी करून तांब्याने झाळलेला, म्हणून आतून लाल दिसतो. बाहेरचा मुलामा गेला की गंज लागतो.

शुद्ध तांबं मऊ असतं पण सतत थरथर लागली की कडक होत जातं आणि मग बरोबर फ्लेअरच्या मागे चीर जाते. डिझेल पिकअपची थरथर माहितीच आहे. फ्रिजवाल्या पाइपची भिंत किती जाड हेही कुणी सांगत नाही. घरच्या एसीला ठीक, पायाखाली नको.

ओहायोकर

तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप बघा, त्यात साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल असतं. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ फेकतात, त्यामुळे दहा-बारा वर्षं झालेल्या पिकअपचे स्टीलचे पाइप तुमच्या मासेवाल्या गाडीसारखेच होतात, क्लिपखाली आधी कुजतात. माझ्या जुन्या ट्रकला मी २५ फुटांचा रोल आणून सगळी मागची लाइन ड्राइव्हवेत आडवा पडून बदलली. हाताने वाकतो, गंजत नाही, फ्लेअर छान येतो. बायको म्हणाली एवढ्यासाठी अमेरिकेला आलास का, ते सोडा.

माप मात्र बाहेरून ४.७५ मिलिमीटर आहे का बघून घ्या, म्हणजेच ३/१६ इंच. आणि कुठेही पितळी ऑलिव्ह रिंगवाला जोड टाकू नका, तो नळाच्या कामाचा. ब्रेकमध्ये दाब इतका असतो की तो पाइपवरून सरकतो. जोड लागलाच तर दोन्हीकडे फ्लेअर मारून युनियन टाकायची.

नाना_स्पेअर

+१. आपल्याकडेही मिळतो पण दुकानदाराने "तांबं-निकेल" म्हणून साधं तांबं गळ्यात मारलं तर चुंबकाने कळणार नाही, दोन्हीला चिकटत नाही. वाकवून बघा, साधं तांबं लोण्यासारखं वाकतं, हा थोडा अडतो. आणि छापील वेष्टनातला घ्या, सुटा नको. नाहीतर सरळ मुलामा दिलेला स्टीलचा घ्या, तोही वाईट नाही, खारं पाणी बंद केलंत तर पुरून उरेल.

जीपवेडा

आता आट्यांचं सांगतो कारण मी स्वतः पस्तावलोय. माझी जुनी जीप, तिला ३/८ इंचाचे २४ आट्यांचे नट, अमेरिकन विलिस जीपच्या काळापासूनचा वारसा. नव्या गाड्यांवर बहुतेक एम-१० बाय १. दोन्ही नट हातात घेतले तर जुळे भाऊ. इंचाचा नट बाहेरून साडेनऊ मिलिमीटर, दुसरा दहा. इंचाचा नट दहाच्या भोकात आरामात जातो, दोन-तीन आटे फिरतो, तुम्हाला वाटतं बसला, आणि शेवटी आवळताना पचकन सुटतो आणि सिलेंडरच्या आट्या घेऊन बाहेर येतो. मला मास्टर सिलेंडर (पॅडल दाबलं की ऑइल ढकलणारा) नवीन घ्यावा लागला. व्हर्नियर नसेल तर तालुक्याच्या लेथवाल्याकडे जा, तो दोन मिनिटांत सांगेल.

आणि फ्लेअरचे दोन प्रकार. एकात पाइपचं तोंड फुलवून परत आत दुमडलेलं असतं, समोरून बघितलं तर आत उतरतं नरसाळं. दुसऱ्यात तोंडाला अळंबीसारखी टोपी. समोरच्या भोकात काय आहे ते बघा, मध्ये उंचवटा असेल तर नरसाळं, खोलगट असेल तर टोपी. उलटसुलट बसवलं तर कितीही आवळा, पाझरणारच. एकेरी फ्लेअर म्हणजे नुसतं तोंड फुलवून सोडून द्यायचं, ते ब्रेकला चालत नाही, फाटतं.

हातखंबा_फाटा

चुंबक चिकटला. 🙏 जीपवेडा साहेब मानलं.

आज मागचं सगळं उतरवलं. आधीच्या मालकाने एका चाकाकडचा तुकडा कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा टाकलेला निघाला, बाकी सगळीकडे फ्लेअरचा एक प्रकार आणि तिथे दुसरा, आणि तो टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवलेला! टेप बघून हसावं का रडावं कळेना. दोन्ही चाकांच्या मधली रबरी होज पण फुगलीये.

उद्यमनगरी

टेप हा फ्लेअर चुकल्याचा कबुलीजबाब असतोय. 😀 फ्लेअरचा जोड धातूवर धातू बसतो, आट्यांचं काम फक्त दाबायचं. टेपचा तुकडा आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतोय.

होज फुगली असेल तर त्यात कुणीतरी भलतं ऑइल ओतलंय का बघ. ब्रेक ऑइलच्या डब्यात साधं हायड्रॉलिक किंवा इंजिन ऑइल गेलं की ब्रेकचं रबर फुगतं, मग नुसता पाइप बदलून भागत नाही. मास्टर सिलेंडरचं किट, चारी चाकांची किट, होज, सगळं. डब्याच्या झाकणाखालचं रबर बघ, ते लांब होऊन झाकणात बसत नसेल तर नक्की.

हातखंबा_फाटा

झाकणाचं रबर व्यवस्थित बसतंय, नशीब. होज बहुतेक वयानेच गेली. तिन्ही होज नवीन सांगितल्या, त्या मात्र पार्ट नंबरवर लगेच मिळाल्या.

डिझेलबाबा

गाडी खाली आहेच तर डिझेलची लाइन पण बघून घ्या. टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप त्याच खाऱ्या पाण्यात भिजलाय. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो का?

हातखंबा_फाटा

लागतो की! बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, मग पांढरा धूर काढून चालू होते, दिवसभर काही नाही. मी ग्लो प्लगला दोष देत होतो.

डिझेलबाबा

आधी हवा बघा. टाकी ते पंप ही ओढणारी बाजू, तिथे बारीक भोक असलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत येते आणि रात्रभरात डिझेल मागे उतरतं. म्हणून थेंब शोधत बसलात तर सापडायचं नाही. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा, बुडबुडे पळताना दिसले तर सापडला चोर. मग एकेक जोड टाकीकडून बदलत या. पारदर्शक पाइप नंतर काढून टाका, तो डिझेलने आणि उष्णतेने काठीसारखा होतो. कायमचा टाकायचा तो डिझेलसाठीचाच नायट्राइल रबराचा. ब्रेकचं रबर डिझेलला चालत नाही आणि डिझेलचं ब्रेकला नाही, काउंटरवर स्पष्ट सांगा कशासाठी हवाय.

बँजो बोल्टचे, म्हणजे डिझेल लाइनच्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वॉशर दर वेळी नवीन घाला. रविवारी दुकान बंद असेल तर जुना वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ होतो, परत बसतो. इथे तांबं चालतं बरं का नवशिका. 😀

एकच गोष्ट कळकळीने सांगतो. पंपापासून इंजेक्टरला जाणारे चार जाड भिंतीचे पाइप आहेत ना, तिथे गळती शोधायला हात लावू नका. त्या फवाऱ्याचा दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, दुखत पण नाही सुरुवातीला, आणि नंतर बोट कापायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. चुकून लागलंच तर पट्टी बांधून घरी बसू नका, तासाभरात मोठ्या दवाखान्यात आणि डॉक्टरला "दाबाने डिझेल आत गेलंय" असं शब्दांत सांगा. हे पाइप वाकवायचे नाहीत, वेल्डिंग करायचे नाहीत, चारींची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली असते, म्हणूनच एखादा उगाच वळसा घेऊन जातो. गेला तर त्याच नंबरचा नवीन.

(नाशिकला मायको सर्कलवरून जाताना माझा हात आपोआप कपाळाला जातो, निम्म्या महाराष्ट्राच्या डिझेल गाड्या मायकोच्या (आताच्या बॉशच्या) कारखान्याच्या नोझलवर चालल्या.)

नवशिका

पुठ्ठ्याचं लक्षात ठेवतो. बाकी धागा फारच कामाचा होतोय, वाचनखूण साठवली.

हातखंबा_फाटा

रविवारचा वृत्तांत. फ्लेअरचं हत्यार मित्राकडून आणलं. पहिले चार फ्लेअर वाया, एक तिरका, दोन चिरले, आणि चौथा एकदम सुंदर झाला पण नट आधी ओवायला विसरलो. 🤦 ते बघून आमचे वडील उठून घरात गेले, काही बोलले नाहीत. नंतर जमलं, पाइप अगदी काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची कड कानसून घ्यायची आणि तोंडाला ब्रेक ऑइलचं बोट लावायचं. पाइप वाकवायला खोबरेल तेलाची बाटली वापरली, तिच्या गोलाईवर वळण दिलं की चेपत नाही. क्लिपच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावे म्हणतोय.

पण घोडं पेंड खातंय हवा काढताना. मागच्या डाव्या चाकाची निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडली, आतून पोराला पॅडल मारायला सांगितलं, तर ऑइल थेंब थेंब येतंय. उजव्याला पण तसंच. पुढे मात्र पिचकारी. सगळे पाइप फुंकून बघितले होते, मोकळे आहेत. गाडी मागून दोन स्टँडवर उभी आहे, चाकं काढलीत.

जीपवेडा

मास्टर सिलेंडरमध्ये मागच्या भागाची वायसर (रबरी सील) गेली असेल.

उद्यमनगरी

थांबा थांबा, किट आणायला धावू नका. तुझ्या मागच्या ॲक्सलपाशी एक व्हॉल्व्ह आहे का, त्याला स्प्रिंग किंवा दांडी ॲक्सलला जोडलेली?

हातखंबा_फाटा

आहे. स्प्रिंग आहे, गंजलेली पण शाबूत.

उद्यमनगरी

मग हेच. तो लोडप्रमाणे ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह. हौद्यात माल असला की चासी खाली दबते, ॲक्सल जवळ येतो, व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. रिकामी गाडी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी जाईल. तू चासी स्टँडवर उचललीस, ॲक्सल खाली लोंबतोय, म्हणजे व्हॉल्व्हला वाटतंय गाडी हवेत आहे, त्याने दार लावून घेतलंय. स्टँड ॲक्सलखाली घे, गाडीचं वजन पाट्यांवर येऊ दे, हौद्यात चार पोती टाक, आणि मग काढ हवा. स्प्रिंगची सेटिंग मात्र हलवू नकोस.

क्रम मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. आपला मास्टर उजवीकडे, सगळ्यात लांबचं आधी.

नाना_स्पेअर

आणि पोराला सांगा पॅडल पार तळापर्यंत मारू नको. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो तिथपर्यंत भिंत गुळगुळीत असते, त्याच्या पुढे गंज आणि गाळ. तळाला नेलं की वायसर त्यावर घासून फाटते आणि मग जीपवेडा म्हणतात ते खरं होतं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं, सीलबंद बाटलीतलं घ्या, मागच्या वर्षीची अर्धी बाटली माळ्यावर असेल तर ती गोठ्याच्या बिजागरीला. हवेतलं पाणी ओढून घेतं ते. नव्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश, पाणी ओढलं की १५५ पर्यंत येतो, आणि घाटात ड्रम तापल्यावर ह्याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग सोलून निघतो.

हातखंबा_फाटा

उद्यमनगरी भावा, तुझ्या तोंडात साखर पडो! ॲक्सलखाली स्टँड घेतले, पोती नव्हती म्हणून वीस चिरे टाकले हौद्यात, आणि पहिल्याच पंपाला निपलमधून फुसफुस, मग काळपट चहासारखं ऑइल, मग स्वच्छ. पॅडल अर्ध्यातच दगड. इंजिन बंद ठेवून पोराला पूर्ण जोराने पॅडल दाबून धरायला लावलं आणि मी कोरड्या टिश्यूने एकेक जोड पुसत फिरलो. नऊ जोडांपैकी एक ओला, तो अजून पाव फेरा आवळल्यावर थांबला. दुसऱ्या दिवशी परत पुसले, सगळे कोरडे.

सायकलच्या ट्यूबचं काय करू?

ओहायोकर

ट्यूब नको, रबराच्या आत पाणी अडकतं आणि मूळ रोग तोच होता. प्लास्टिकची उघडी क्लिप लावा, पाणी वाहून गेलं पाहिजे.

हातखंबा_फाटा

बरं झालं विचारलं. क्लिपा आणल्या.

डिझेलचं पण सापडलं. पारदर्शक पाइपात बुडबुड्यांची माळच लागली होती. टाकीच्या वरच्या पाइपाला जोडलेली वीतभर रबरी होज, क्लिपखाली चिरलेली. दोन्ही टोकांच्या क्लिपा आणि होज नवीन, हातपंपाने हवा काढली, आज सकाळी अर्ध्या सेल्फात चालू. ग्लो प्लग वाचले.

डिझेलबाबा

जाता जाता अल्टरनेटरच्या मागे बघा. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्युम पंप तिथेच लटकवलेला असेल तर त्याला इंजिन ऑइलची बारीक लाइन येते आणि जाड होजने परत जाते. ती परत जाणारी होज कडक झाली असेल तर आत्ताच बदला. ती फुटली की ऑइल संपतं, इंजिन बसतं, आणि लोक ब्रेकचा विचारच करत नाहीत.

हातखंबा_फाटा

बघितलं. ओली आहे. 😩 उद्या.

हातखंबा_फाटा

शेवटचं अपडेट, मग धागा वर आणायचा थांबतो. होज बदलली, गुरुवारी पासिंग झालं, ब्रेक टेस्टला मागची दोन्ही चाकं सारखी धरली. शुक्रवारी पेट्या घेऊन कोल्हापूरला गेलो, येताना घाट उतरून साखरप्याला मुद्दाम थांबलो. मेस्त्रीला उरलेला रोल, नट आणि एक डझन क्लिपा देऊन आलो. त्याने रोल हातात घेतला, आधी चुंबक लावला, मग टोक थोडं वाकवून बघितलं आणि म्हणाला, "कुठून आणलात? अजून मिळंल का?"